सदर काँक्रीट

टेबलावर सतरा पानांचा करार होता. त्यात त्रेसष्ट कलमं होती आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सहा सह्यांसाठी सहा रेघा आखलेल्या होत्या. कराराच्या बाजूला पेढ्यांचे दोन बॉक्स, शाईचा एक पॅड, अंगठा पुसायला ओलं फडकं आणि अंकुशशेठ भोरेंचे तीन मोबाइल. माणसं सात : लिहून देणारा, लिहून घेणारा, चार साक्षीदार आणि मी.

मी त्या वर्षी फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन मिरजेच्या एका खासगी लॅबमध्ये लागले होते. सिमेंट, खडी, विटा, काँक्रीट, जे कोणी आणून देईल ते दाबून, मोडून, भिजवून तपासायचं, असं काम. मामांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"करार कसा असतो ते एकदा बघून ठेव, सुप्रभा," ते म्हणाले होते. "तुमच्या सायन्समध्ये हे शिकवत नाहीत."

मामा म्हणजे जिनपाल मगदूम, पलूसच्या कचेरीबाहेरचे दस्तलेखक. तीस वर्षं त्याच पत्र्याच्या शेडमध्ये, त्याच लाकडी पेटीमागे. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, काहीही असो, लोक म्हणायचे, मगदूमांचा कागद कोर्टात टिकतो. मामाही तेच म्हणायचे, फक्त जरा जास्त वेळा. आता ते स्वतःचं मंगल कार्यालय बांधत होते, तासगाव रस्त्याच्या प्लॉटवर. खाली लग्न, वर पंगत. खालचे कॉलम उभे राहिले होते. वरच्या स्लॅबचं काम अंकुशशेठना द्यायचं होतं आणि त्या कार्यालयातलं पहिलं लग्न मामांच्या मुलीचं, त्रिशलाचं, लागायचं होतं.

मामांनी चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली.

"लिहून देणार, श्री. अंकुश तुकाराम भोरे, धंदा ठेकेदारी. लिहून घेणार व सदर मिळकतीचे मालक, श्री. जिनपाल आदगोंडा मगदूम, धंदा लेखन. कारणे करारपत्र लिहून देतो ऐसाजे, सदर मिळकत, तीमधील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप व दरोबस्त हक्कांसह..."

"मामा," मी म्हणाले, "स्लॅबमध्ये निधी आणि निक्षेप कुठून आले?"

"ते असावं लागतं."

"आणि तृण?"

साक्षीदारांपैकी एकजण हसला. मामांनी त्याच्याकडे बघितलं तसा तो गंभीर झाला.

वाचन पाऊण तास चाललं. ठेकेदार मयत झाल्यास त्याच्या वारसांनी स्लॅब पुरा करायचा होता. वारस अज्ञान असल्यास त्यांच्या पालनकर्त्याने. भूकंप झाल्यास काय, राजक्षोभ झाल्यास काय, मजुराने साइटवर तंबाखू खाऊन थुंकल्यास काय, सगळ्याला कलम होतं. अंकुशशेठ खुर्चीत रेलून एक मोबाइल दुसऱ्यावर ठेवत, तिसरा त्यावर ठेवत, पुन्हा उतरवत बसले होते.

"वाचून घ्या एकदा तुम्ही पण," मामा म्हणाले.

"मी वाचून काय करू, मालक? तुमचा हात फिरलाय म्हंजे झालं. कुठं सही करू तेवढं सांगा."

मामांना हे फार आवडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बघ, असं.

मी करार हातात घेतला आणि चाळला. मला शब्द मोजायची सवय आहे. 'सदर' दोनशेच्या वर गेल्यावर मी मोजायचं सोडून दिलं. 'काँक्रीट' अकरा वेळा आलं होतं. 'पाणी' एकदाही नव्हतं. 'जल' एकदा होतं, तरु आणि तृणाच्या शेजारी.

"मामा, पाण्याचं प्रमाण कुठंय?"

"कसलं पाणी?"

"काँक्रीटमध्ये घालायचं."

"ते त्यांचं काम. आपण एम-वीस दर्जाचं काँक्रीट मागितलंय. कलम अकरा."

"पाणी जास्त झालं तर एम-वीस राहत नाही."

"मग ठोकळे नापास होतील," मामा म्हणाले. "कलम बारा."

कलम बारा त्यांचं लाडकं होतं. ज्या काँक्रीटने स्लॅब ओतायचा त्याच काँक्रीटचे साच्यात ठोकळे भरायचे, ते ठरल्या मुदतीनंतर लॅबमध्ये दाबून बघायचे, आणि येईल तो निकाल 'उभयपक्षी अंतिम व बंधनकारक'. ही पद्धत सगळीकडे आहे. ठोकळा बदलला जाऊ नये म्हणून ओल्या ठोकळ्यात सहीची चिठ्ठी रोवतात, तीही आहे. मामांनी त्यात भर घातली होती. प्रत्येक चिठ्ठीवर एक सही नाही, सहा. दोन्ही पक्षांच्या आणि चारही साक्षीदारांच्या. स्लॅबच्या दिवशी धावपळ नको म्हणून चिठ्ठ्या त्यांनी आधीच करून आणल्या होत्या, प्लास्टिकमध्ये बंद करायच्या तयारीत. त्यांनी त्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या, सगळ्यांनी सगळ्यांवर सह्या केल्या, आणि मामांनी गठ्ठा करून रबर लावून तो अंकुशशेठच्या हातात दिला.

"ठोकळ्याला सहा सह्या," ते म्हणाले. "जिल्ह्यात कोणी केलं नसेल."

अंकुशशेठनी गठ्ठा खिशात टाकला आणि वरून खिसा थोपटला. "कुणीच न्हाई, मालक," ते म्हणाले. "मी तर पैल्यांदाच बघतोय."

मग पेढे वाटले गेले.

स्लॅबच्या दिवशी मी रजा काढून गेले. पोचेपर्यंत निम्मा स्लॅब झाला होता. मामा रस्त्याच्या कडेला छत्री लावून प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर करार उघडा.

"दोघांना पकडलं," त्यांनी मला सांगितलं. "तंबाखू थुंकताना. कलम चौतीस."

"मग?"

"अंकुशशेठनी माफी मागितली. समोर हात जोडून."

मिक्सर त्यांच्यापासून वीस पावलांवर होता. त्याच्या तोंडात पाण्याचा पाइप सोडून दिलेला होता आणि तो कोणी धरलेलाही नव्हता. माल घमेल्यात पडत होता तो पातळ आमटीसारखा. वर ओतला की फावडं लावायचीही गरज नव्हती, आपोआप पसरत होता. सेंट्रिंगच्या फटींतून खाली राखाडी पाणी ठिबकत होतं. ते पाणी नव्हतं, सिमेंट होतं, जे स्लॅबमध्ये राहायला हवं होतं.

मी मामांना सांगितलं. मामांनी अंकुशशेठना हाक मारली.

"ही आमची भाची. लॅबमध्ये असते. म्हणते माल पातळ आहे."

"पातळच पायजे, ताई," अंकुशशेठ मला म्हणाले. आवाज अगदी मऊ. "कडक टाकला तर सळीखाली पोकळी ऱ्हाती. पोकळी ऱ्हायली तर कलम सतराचा भंग होतोय."

मामा खूश झाले. "बघ, कलम पाठ आहे त्यांना."

मी बघितलंच. न वाचता सही केलेल्या माणसाला सतरावं कलम पाठ होतं.

"ठोकळे कुठे भरताय?" मी विचारलं. साचे कुठेच दिसत नव्हते.

"भरलं की, सकाळीच, पैल्या मालाचं. यार्डात नेऊन ठेवलं सावलीला. हितं कुणाचा पाय लागला म्हंजे?"

"चिठ्ठ्या रोवल्या?" मामांनी विचारलं.

"एकूण एक, मालक. सह्या वर येतील अशा."

"झालं तर मग," मामा मला म्हणाले, आणि पान उलटून कलम पस्तीस वाचायला लागले.

ठोकळे मुदतीनंतर आमच्याच लॅबमध्ये आले. तपासायचं काम माझ्याकडेच होतं. प्रत्येकाच्या माथ्यावर प्लास्टिकची चिठ्ठी, तिच्यात सहा सह्या, मामांची सर्वांत मोठी, खाली दोन टिंबं. मी पहिला ठोकळा प्रेसमध्ये ठेवला. एम-वीसचा ठोकळा साडेचारशे किलोन्यूटनच्या पुढे कुठेतरी फुटावा. चांगला भरला असेल तर सहाशेच्या आसपास. आकडा साडेचारशेवरून गेला, सहाशेवरून गेला, आठशेवरून गेला. ठोकळा फुटला तेव्हा आकडा होता नऊशे अडुसष्ट. म्हणजे त्रेचाळीस न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर. वीस हवे होते.

मामांची सही मधोमध दुभंगली होती. आत खडी नव्हतीच. स्लॅबवर मी बोटाच्या पेराएवढी खडी पडताना बघितली होती. ठोकळ्यात सगळी बारीक कच होती आणि तिच्याभोवती गच्च, निळसर, दाट सिमेंट. असा माल स्लॅबला कोणी वापरत नाही. ठेकेदाराचं दिवाळं निघेल. पुढचे ठोकळेही तसेच फुटले.

मी तुकडे घेऊन कुंभोजकर सरांकडे गेले. लॅब त्यांची.

"सर, हे त्या स्लॅबचं काँक्रीट नाही. मी तिथे होते."

सरांनी तुकडा हातात फिरवला. त्यांना कळायला दोन सेकंद लागले असतील.

"सह्या आहेत?"

"सहा सहा आहेत."

"मग रिपोर्ट लिही."

"पण सर..."

"आपल्याकडे ठोकळा आला. ठोकळा चांगला आहे. खाली छापलेलंच असतं, निकाल फक्त दिलेल्या नमुन्याचा. ठोकळ्यावर लग्न लावायचं असेल तर खुशाल लावा म्हणावं."

मी रिपोर्ट लिहिला आणि मामांना फोन केला.

"किती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

 मग मामा म्हणाले, "वीस मागितले, त्रेचाळीस दिले. याला म्हणतात करार."

"मामा, इतकं चांगलं येणं हेच वाईट आहे. ते ठोकळे वेगळे भरलेत."

"माझी सही आहे ना त्यावर?"

"तुम्ही सही कागदावर केलीत. काँक्रीट नंतर आलं."

"तीस वर्षं मी सह्या घेतोय, सुप्रभा. माझ्या सहीखाली काही वेगळं निघालेलं नाही." त्यांचा आवाज थंड झाला होता. "तुमचं सायन्स चांगल्यालाही वाईट म्हणायला लागलं असेल तर त्याला माझ्याकडे इलाज नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी कलम एक्कावन्नप्रमाणे अंकुशशेठना समाधानपत्र दिलं. रिपोर्टची प्रत शेडमध्ये पेटीच्या वर चिकटवली. पक्षकार आले की त्यांना दाखवायचे. लोक मान डोलवायचे. काही तर आकड्यावरून हात फिरवायचे.

पुढच्या रविवारी मी मामांकडे गेले. घरात लग्नाची गडबड. त्रिशला पत्रिकांवर नावं घालत होती, मामी स्वयंपाकघरात चकल्यांच्या भाजणीचं बघत होती. मला बघितल्यावर ती भाजणी तशीच ठेवून उठली.

"चल, तुला कार्यालय दाखवते," ती म्हणाली. मी ते पाहिलेलं होतं, हे तिला माहीत होतं.

रत्नप्रभा मामी कमी बोलायची. मामांच्या घरात दुसऱ्या कोणाला बोलायला फारशी जागाही नव्हती. कार्यालयात जाऊन ती सरळ वरच्या मजल्यावर गेली, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि स्लॅबवरचा दोन हात तुकडा झाडला. मग सुपलीत भरून माझ्यापुढे धरलं. वाळू. चांगली मूठभर.

"रोज सकाळी येऊन झाडते," मामी म्हणाली. "आधी वाटलं, बांधकामाची घाण असेल. पण इथेच झाडलं होतं काल. परवाही इथेच. हे असं निघतच राहतं का?"

"नाही, मामी. निघायला नको."

"मग?"

"वरचा थर सुटतोय. आत काय आहे ते असं बघून सांगता येणार नाही."

"कसं सांगता येईल?"

मी सांगितलं. कोर काढायचा, म्हणजे मशीनने स्लॅबमधून मनगटाएवढ्या जाडीचा नळकांडीसारखा तुकडा कापून काढायचा, असे तीन ठिकाणी. ते तुकडे ठोकळ्यासारखेच प्रेसमध्ये दाबायचे. भोकं नंतर बुजवता येतात.

"किती यायला पाहिजे?"

"वीसचं काँक्रीट असेल तर तिन्हींची सरासरी सतरा तरी."

"आणि आलं नाही तर?"

 मामी खाली वाकून जिन्याच्या तोंडातून खालचा हॉल बघत होती. तिथे अक्षता पडणार होत्या, आणि त्या वेळी वर पहिली पंगत बसलेली असणार होती. आम्हा जैनांत सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, म्हणून पंगती लवकर सुरू होतात. दोन्हीकडची मिळून पाचशे माणसं.

"चल," मामी म्हणाली. सुपलीतली वाळू तिने टाकली नाही. कोपऱ्यात नीट ढीग करून ठेवली.

घरी आलो तर अंकुशशेठ आलेले. मामांनी त्यांना पत्रिका द्यायला बोलावलं होतं. दोघे पुढच्या खोलीत चहा पीत बसले होते. मामी आत गेली. मी तिथेच बसले.

"मामा, स्लॅबचे कोर काढून घेऊ. लग्नाच्या आधी."

मामांनी कप बशीत ठेवला. "झालेलं आहे ते टेस्टिंग."

"ठोकळ्याचं झालं. स्लॅबचं नाही."

"ताई," अंकुशशेठ म्हणाले, "करारात कोर कुठं हाय? मला दाखवा."

"नाही."

"न्हाईच. कलम बारा, ठोकळ्याचा निकाल उभयपक्षी अंतिम व बंधनकारक. कलम एक्कावन्न, समाधानपत्र दिल्यावर लिहून घेणार यांनी सदर काँक्रीट पुनश्च तपासायचं न्हाई, फोडायचं न्हाई, छिद्र पाडायचं न्हाई. पाडल्यास लिहून देणार याची सर्व जबाबदारी संपुष्टात." ते एक शब्दही अडखळले नाहीत. "आन् हे वालीवारसांना बी लागू हाय. म्हंजे त्रिशलाताईंना बी."

"अक्षरशः बरोबर," मामा म्हणाले. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याकडे मास्तरांनी बघावं तसं ते अंकुशशेठकडे बघत होते.

"हे कलम तुम्ही का घातलं, मामा?"

"प्रत्येक दस्तात असतं. व्यवहार पुरा झाला की कोणी मागे वळून तक्रार करू नये."

"ते जमिनीच्या खरेदीला. हा स्लॅब आहे."

"दस्त तो दस्त."

"उद्या तो पडला तर?"

"कलम चव्वेचाळीस. दहा वर्षांची हमी. त्यांनी स्वखर्चाने पुन्हा बांधून द्यायचा."

"आणि वर जेवायला बसलेली माणसं?"

मामा खरोखर विचारात पडले. त्यांनी कपाटावरून करार काढला, चष्मा लावला आणि मागून पुढे चाळत गेले. अंकुशशेठही मान वाकडी करून बघायला लागले. दोघांनी मिळून शोधलं.

"त्रयस्थ इसमांबद्दल कलम नाही," मामा शेवटी म्हणाले. "पुढच्या करारात घालू."

"घाला, मालक," अंकुशशेठ म्हणाले. "असलेलं बरं."

मी उठणारच होते. तेवढ्यात मामी स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला कोपरापर्यंत भाजणी लागलेली.

"अहो, त्यात लिहून घेणार म्हणून नाव कोणाचं आहे?"

"कोणाचं म्हणजे? माझं."

"मालक म्हणून?"

"मालक म्हणून."

"प्लॉट कोणाच्या नावावर आहे?"

मामांनी हातातला करार मिटला.

तासगाव रस्त्याचा प्लॉट मामांनी मामीच्या नावावर घेतला होता. सगळ्या पक्षकारांना ते तोच सल्ला द्यायचे, बायकोच्या नावावर घ्या, उद्या धंद्यात काही झालं तर हात लागत नाही. खरेदीखत त्यांनीच लिहिलं होतं, मामीची सही त्यांनीच घेतली होती, बांधकामाच्या परवानगीचा अर्जही त्यांनीच तिच्या नावाने भरला होता. आणि तालुक्यातल्या प्रत्येकाला 'उतारा दाखव' म्हणणाऱ्या या माणसाने स्वतःचा करार लिहिताना 'मालक' या शब्दापुढे हात आपोआप आपल्याच नावाकडे जाऊ दिला होता.

"अगं, नाव तुझं असलं म्हणून काय झालं?" मामा म्हणाले. "घरातलंच आहे."

"परवा आमणापूरचा तो माणूस आला होता, त्याला तुम्ही काय म्हणालात? जमीन बायकोच्या नावावर आणि करार तू करतोस? जा, बायकोला घेऊन ये. मी चहा घेऊन आले तेव्हा हेच बोलत होतात."

"त्याचं वेगळं."

"कसं?"

 अंकुशशेठ एकदा मामांकडे, एकदा मामीकडे बघत होते. त्रेसष्ट कलमं त्यांनी घोटून पाठ केली होती. उतारा कोणाच्या नावाचा आहे ते बघायला चावडीत जाऊन एक कागद काढावा लागला असता. तेवढं त्यांनी केलं नव्हतं.

"मग मी करार कुणासंगं केला?" ते म्हणाले.

"ते तुम्ही दोघं बघा," मामी म्हणाली. "मी कशावर सही केलेली नाही. मला कुठलं कलम लागू नाही. सुप्रभा, ते मशीन कधी येतं?"

"बुधवारी आणता येईल."

"आण."

"वैनी," अंकुशशेठ घाईने म्हणाले, "शुभकार्याच्या तोंडावर असं स्लॅबला भोक पाडू नये. अपशकुन असतोय."

"कलम कितवं?"

आतल्या खोलीत त्रिशला हसल्याचा आवाज आला. अंकुशशेठनी मोबाइल गोळा केले, पुन्हा टेबलावर ठेवले.

तेवढ्यात मामांना सुचलं. त्यांचा चेहरा उजळला, मी तो क्षण विसरलेले नाही. चौदा वर्षं झाली, अजून डोळ्यांपुढे आहे.

"कुलमुखत्यारपत्र," ते म्हणाले. "मिळकतीची मालक तू, तुझ्या वतीने करार करायचा अधिकार मला. माझ्याकडे मागच्या तारखेचा स्टँपपेपर आहे. आत्ता लिहितो. म्हणजे करार पहिल्यापासून कायम."

"लिवा, मालक, लिवा," अंकुशशेठ म्हणाले. ते खुर्ची पुढे ओढून बसले. "साक्षीदार म्हणून मी करतो सही."

"तुम्ही पक्षकार आहात. तुम्हाला चालणार नाही."

"मग आमच्या मिक्सरवाल्याला बोलावतो."

मामा कपाट उघडून स्टँपपेपर शोधायला लागले. फसवणारा आणि फसलेला एका टेबलाशी डोकं लावून बसले होते, करार वाचवायला. स्लॅबचं नाव दोघांच्याही तोंडी नव्हतं. मामांचं अक्षर सुरेख होतं. 'कारणे कुलमुखत्यारपत्र लिहून देते ऐसाजे' पर्यंत ते दहा मिनिटांत पोचले असतील. त्यांनी पेन मामीपुढे धरलं.

"इथे. आणि इथे."

"माझे हात पिठाचे आहेत," मामी म्हणाली.

"धुऊन ये."

"चकल्या व्हायच्यात अजून."

ती आत गेली. मामा पेन धरून तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने अंकुशशेठनी पत्रिका खिशात घातली आणि लग्नाला येतो असं काहीतरी पुटपुटत गेले.

बुधवारी मशीन आलं. मामा शेडमधून उठून आले नाहीत. मामीने जागा मला निवडू दिली. एक कोपऱ्याजवळ, एक पंगतीच्या वाटेत, एक बरोबर मधोमध, जिथे खाली लग्नाचं स्टेज येणार होतं. मशीन चालू असताना मामी शेजारी उभी राहून बघत होती. पहिला कोर पाच मिनिटांत निघाला. माझ्याबरोबर आलेला ऑपरेटर म्हणाला, इतक्या पटकन निघत नसतो. दुसऱ्याच्या कडेला खडी सुटी हालत होती. मधल्याच्या तळाला बोट जाईल एवढी पोकळी होती. ती करारात होती, सतराव्या कलमात.

मामीने तिन्ही तुकडे स्वतःच्या हाताने फडक्यात गुंडाळले आणि माझ्याबरोबर मिरजेला आली. वाटेत ती म्हणाली, "सतरा आलं तर पंगत वर. नाही आलं तर लग्न शाळेच्या पटांगणात, मांडव घालून. मी हेडमास्तरांना विचारून ठेवलंय. आणि तो स्लॅब मी पाडणार. मामांना सांगून नाही, विचारून तर नाहीच."

कुंभोजकर सरांनी तिला प्रेसजवळ खुर्ची दिली. नियमाप्रमाणे आम्ही कोरची टोकं घासून सपाट केली, वजन घेतलं, मापं घेतली. तुकड्यांवर कोणाची सही नव्हती. मी दाब देत गेले, आकडे वाचत गेले, उंची-व्यासाची दुरुस्ती लावली. सरांनी रिपोर्टवर मालकाचं नाव विचारलं. मामीने सांगितलं, सौ. रत्नप्रभा जिनपाल मगदूम.

कोपऱ्याजवळचा कोर : ९.४. पंगतीच्या वाटेतला : ८.७. मधला : ७.९. सरासरी ८.७ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर.